सर्व गाड्यांना समान न्याय

३ जून
आज वाहन विभागाचा चार्ज माझ्याकडे आला. तूर्त तात्पुरता. साहेब म्हणाले, गाड्यांचा धूर कमी करून दाखवा, मग कायमचं बघू. म्हणजे झालंच की! बायकोला सांगितलं, आता मी वाहनप्रमुख. ती म्हणाली, आधी कचरा खाली ठेवून या.

४ जून
जो तो इलेक्ट्रिक-इलेक्ट्रिक करत सुटलाय. माझं धोरण: समतोल. गावात बॅटरीची गाडी, लांबच्या पल्ल्याला हायब्रिड, अडीनडीला डिझेलची जीप. साहेबांनी मान डोलावली. (नंतर कळलं, मान अवघडली होती. तरी होकार तो होकार.)

७ जून
बॅटरीची गाडी दिवसभर राबते, हायब्रिड आरामात उभी. हा कसला समतोल? आजपासून पाळ्या, घरात जावाजावांच्या असतात तशा. कुणाची तक्रार नको.

१० जून
पाळीप्रमाणे हायब्रिड समोरच्या पोस्टात गेली आणि बॅटरीची गाडी साहेबांना घेऊन घाटापलीकडे. ड्रायव्हर कुरकुरला. त्याला म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त.

दुपारी साहेबांचा फोन. गाडी घाटात बंद. जीप नेऊन ओढत आणली. जीपनं असा काही धूर सोडला की मागच्या गाडीतले साहेब दिसेनात. पण त्यांच्या गाडीतून? शून्य धूर! ही बाजू ते नक्की लक्षात घेतील.

११ जून
साहेब बोलत नाहीत. माझ्या बढतीच्याच विचारात असावेत. जीपनं घरी जेवायला गेलो. डिझेलवर अन्याय नको.

१३ जून
साहेबांचा मेसेज: ‘उद्या सकाळी चार्ज द्या.’ बघा! जमलं एकदाचं! बॅटरीची गाडी लगेच चार्जिंगला लावली. हायब्रिडला प्लग लावायला जागाच सापडेना. जीपची बॅटरी काढून लावली. उगाच भेदभाव नको.

१४ जून
साहेबांना ऐटीत सांगितलं, चार्ज दिला, फुल्ल! त्यांनी माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. माझ्या खुर्चीत टायपिस्टबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, किल्ल्या द्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

बाईंनी पाळ्या बंद केल्या. घाटात हायब्रिड, गावात बॅटरीची, आणि पोस्टात माणूस चालत जाईल म्हणाल्या. मी विचारलं, कोण माणूस? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

टपाल घेऊन निघालो तर वाटेत बायको भेटली. गाडी कुठाय म्हणाली. खरं ते सांगितलं. फार वाईट वाटत होतं. तिनं हातातल्या टपालाकडे पाहिलं. मग म्हणाली, हात मोकळाच आहे ना एक? ही पिशवी धरा.