माणसाची हाडे, नग बावन्न, परत मिळणेबाबत

प्रति,
मा. तालुका दंडाधिकारी साहेब,
तहसील कचेरी, जिल्हा अकोला

अर्जदार : भागिरथाबाई इंद्रभान पट्टेबहादूर, वय अंदाजे ४५, धंदा शेतमजुरी, मु. गव्हाळा

विषय : ता. ९ मार्च रोजी अर्जदाराच्या घरातून जप्त केलेली हाडे येत्या गुरुवारी पुरू नयेत व मुलीच्या परीक्षेपूर्वी परत मिळावीत.

संदर्भ : १) अर्जदाराचे ता. ११ व १३ मार्चचे अर्ज, ज्यांना उत्तर नाही. २) आपल्या कचेरीचे ता. १५ मार्चचे पत्र, ज्याला उत्तर देणे भाग आहे.

महोदय,

१. अर्जदार बाईस लिहिता येत नाही. कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनविसाने हा अर्ज ती सांगेल तसा लिहिला आहे. यात जो राग दिसेल तो बाईचा आहे, दोन-चार ठिकाणी लिहिणाऱ्याचाही आहे. दोन्ही राग अदबीने सादर आहेत.

२. अर्जदाराची मुलगी कु. बेबीनंदा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात माणसाच्या शरीराचा अभ्यास करते. गव्हाळ्यात आजवर मुलींची मजल चौथीपर्यंत. ही एकटी पुढे गेली, आणि ती बापाच्या माघारी, आईने लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करून शिकवली म्हणून गेली. ता. ८ एप्रिलला तिची तोंडी परीक्षा आहे. त्या परीक्षेत साहेब लोक हातात एक हाड देतात आणि विचारतात, हे कोणते, कोणत्या बाजूचे, या खाचेतून काय जाते, या उंचवट्याला काय चिकटते. पुस्तक पाहून हे येत नाही, हाड हातात फिरवावे लागते. म्हणून तिथले विद्यार्थी खऱ्या माणसाच्या हाडांचा अर्धा संच जवळ ठेवतात. बेबीनंदाला तो धरमसिंग नावाच्या वरच्या वर्गातल्या मुलाने वापरायला दिला. त्याला त्याच्या आधीच्याने दिला होता. परीक्षा झाली की तो पुढच्याला द्यायचा, अशी तिथली रीत आहे. या रीतीत पावती नसते, हे अर्जदार कबूल करते.

३. होळीच्या सुटीत मुलगी पत्र्याच्या पेटीत संच घेऊन घरी आली. पेटी यष्टीच्या टपावरून मंगरूळपीरला उतरली, तिथून आसेगावच्या गाडीने आणि पुढे डोक्यावरून गव्हाळ्याला पोचली. वाटेत कोणाला बाधा झाली नाही. ता. ८ मार्चला पौर्णिमा होती. मुलीने धुतलेल्या धोतरावर हाडे मांडून दिवसभर पाठ केली आणि दिवेलागणीला ती पाण्याला गेली. अर्जदार शेतातून आली. समोर माणूस, आणि घरात पौर्णिमेची वंदना व्हायची होती. लेकीला तिने आधीच विचारले होते की याचे नाव काय, आणि लेकीने सांगितले होते की ते कोणालाच माहीत नाही. बाईला वाटले, हा आपल्या घरी आलेला, याच्या नावाने कोणी एक मेणबत्तीसुद्धा लावली नसेल. तिने कवटीजवळ मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली, हात जोडले आणि त्रिशरण म्हटले. चूक काय ती एवढीच, आणि ती अर्जदाराची आहे, मुलीची नाही.

४. नेमकी तेव्हाच शेजारची गोमतीबाई चुलीसाठी विस्तव मागायला आली. गोमतीबाईची म्हैस पंधरा दिवसांपासून आटली होती. तिने कवटी पाहिली, मेणबत्ती पाहिली आणि विस्तव न घेताच गेली. सकाळपर्यंत गावभर झाले की भागिरथा करणी करते, मसणातून माणूस आणून घरात पुजते. पोलीस पाटील पंजाबराव दारात उभे राहून चार माणसांदेखत जे बोलले ते अर्जदाराला जसेच्या तसे पाठ आहे, ते असे : “मेलेली ढोरं वढाची सोडली तुमी. आता मानसं वढून आनून राह्यले काय घरात?” या वाक्याबद्दल अर्जदाराने दोन्ही अर्जांत तक्रार केली होती. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

५. नंतर पंचनामा झाला. तो करणाऱ्यांनी माणसाचे हाड आयुष्यात पाहिलेले नसावे. त्यांना दोष नाही, पण मग लिहिण्याची घाई कशाला? त्यांनी लिहिले, “पुरुष जातीचे प्रेत एक, अपूर्ण, तुकडे बावन्न.” हाडांवर तांबड्या व निळ्या रंगाच्या खुणा आहेत. स्नायू जिथून निघतो तिथे तांबडी आणि जिथे चिकटतो तिथे निळी, अशा त्या विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या आहेत. पंचनाम्यात त्यांचा शेंदूर झाला व नीळ झाली, आणि नीळ या शब्दाखाली एक रेघही ओढली. संच अर्धा असतो, म्हणजे हात एकाच बाजूचा, पाय एकाच बाजूचा. त्यावरून असे ठरले की प्रेताचा दुसरा हात व दुसरा पाय अर्जदाराने लपवला आहे. मग अंगण खणले, चूल खणली, कोंबड्यांचा खुराडा मोडला. दुसरा पाय मिळाला नाही. मिळणार कोठून?

६. याहून पुढची गोष्ट अशी. दंडाचे हाड पाहून जमादारांनी ती लहान मुलाची मांडी ठरवली आणि एकाचे दोन मुडदे झाले. बेबीनंदाला राहवले नाही. ती म्हणाली, “मांडी नाही थे, दंडाचं हाड हाये. उजव्या हाताचं.” ती आपली शिकलेली पोर, तिला वाटले शहाणपण सांगितले की सुटका होते. जमादारांनी लिहून घेतले की मुलीने हाड न चुकता ओळखले, सबब मृतास ती चांगली ओळखत होती. साहेब, ज्या उत्तराला नागपूरला गुण मिळतात त्याच उत्तराबद्दल तिला येथे दोन दिवस ठाण्याच्या ओट्यावर बसवून ठेवले. नंतर हाडे तपासणीसाठी गुरांच्या डॉक्टरांकडे पाठवली. त्या भल्या माणसाने एका ओळीत कळवले की हाडे गुरांची नाहीत, याहून अधिक सांगणे त्यांच्या कामात बसत नाही. संपूर्ण चौकशीत आपले काम ओळखणारा हा एकच अधिकारी भेटला.

७. महाविद्यालयाचा दाखला हजर केला. तो इंग्रजीत आहे म्हणून परत आला. मराठी करून दिला, तर मराठी करणारा सरकारमान्य नाही म्हणून परत आला. मराठी या अर्ज लिहिणाऱ्यानेच केले होते. बावीस वर्षे याच कचेरीचे कागद तो लिहितो, तेव्हा मात्र त्याची मान्यता कोणी विचारली नाही.

८. आपल्या पत्रात खुलासा मागितला आहे की “मुलीच्या जातीने हे शिकून पुढे कोणता व्यवसाय करावयाचा आहे.” खुलासा देते. पास झाली तर डॉक्टरीण होईल. या भागात बाळंतपणात बाई अडली की तिला बैलगाडीत घालून मालेगावला किंवा वाशीमला न्यावे लागते आणि काही गाडीतच जातात. अर्जदाराची धाकटी बहीण लिलाबाई तशीच गेली. डॉक्टरीण नाही झाली तरी याच विद्येवर रक्त-लघवी तपासणाऱ्याची नोकरी आहे, क्ष-किरण काढणाऱ्याची आहे, मलेरियाच्या कामाची आहे, शाळेत शरीरशास्त्र शिकवण्याची आहे. आणि साहेब, विहिरीत मुडदा सापडला की आपले ठाणे ज्याच्या दारात चार-चार तास उभे राहते, तो चिरफाड करणारा डॉक्टरही याच वर्गातून, अशीच हाडे घोकून येतो. तो असता तर अर्जदाराची चूल शाबूत राहिली असती.

९. आता गुरुवारचे. पत्रात हुकूम आहे की मृताचा वारस हजर न झाल्याने सदर हाडे बेवारस प्रेत समजून ता. २१ रोजी गव्हाळ्याच्या शिवारात पुरावीत आणि प्रेत वाहणे व खड्डा खोदणे हे काम “गावच्या रिवाजाप्रमाणे” अर्जदाराच्या घराने करावे. हे वाचून दाखवले तेव्हा बाईने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. तो रिवाज तिच्या सासऱ्याने छप्पन साली ढोरे ओढायचा दोर नाल्यात फेकून मोडला. बाईला हाडाचा विटाळ नाही. दहा दिवस ती हाडे तिच्या घरात असती तर दहा दिवस तिने त्यांची धूळ पुसली असती. पण ज्यांनी तिच्या लेकीची विद्या जप्त केली, त्यांच्यासाठी ती पुरायला खड्डाही याच लेकीच्या आईने खोदायचा, हे तिला मान्य नाही, कालत्रयी होणार नाही.

१०. बेबीनंदा चार दिवसांपासून नीट जेवत नाही. परीक्षेच्या तोंडावर नागपूरला दुसऱ्या कोणाचा संच मोकळा नाही. ती आईला म्हणाली की यंदा राहू दे, घरीच राहते, शेतात येते. आई त्या दिवसापासून तिच्याशी बोललेली नाही, आणि हा अर्ज देऊनच बोलणार आहे.

११. कचेरीचे म्हणणे वारसाशिवाय हाडे देता येत नाहीत. ठीक आहे. अर्जदार भागिरथाबाई या अर्जाद्वारे सदर मृताची वारस म्हणून हजर होत आहे. दुसरा कोणी हक्क सांगत असल्यास त्याने पुढे यावे, दहा दिवसांत कोणी आलेला नाही. वारसनोंदीचा छापील नमुना समोर घेऊन अर्ज लिहिणाऱ्याने एकेक रकाना विचारला. मृताचे नाव? माहीत नाही. गाव? माहीत नाही. जात? बाई म्हणाली की तेवढे एक हाडांवरून लेकीलाही सांगता येत नाही. मृताशी नाते? इथे तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “लिवा, माह्या पोरीचा मास्तर हाये थो. त्यानं तिले आपलं हाड न् हाड शिकोलं. सक्क्या मानसानं बी येवढं नसतं केलं.”

त्याप्रमाणे रकान्यात “मुलीचे शिक्षक” असे लिहिले आहे. मृत आता बेवारस राहिलेला नाही. ता. २१ रोजी कोणी कुदळ घेऊन आल्यास वारसाची संमती लागेल, आणि वारस ती देत नाही.

कळावे. हुकमाची वाट पाहत कचेरीच्या पायरीवर बसलेली,

भागिरथाबाई इंद्रभान पट्टेबहादूर
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
ता. १८ मार्च १९७४

अर्ज लिहिणार : अन्सार खाँ, अर्जनवीस

सोबत :
१) महाविद्यालयाचा दाखला, इंग्रजी व मराठी दोन्ही
२) गुरांच्या डॉक्टरांच्या अभिप्रायाची नक्कल
३) वारसनोंदीचा नमुना, सर्व रकाने भरलेला