गुहेतल्या कुत्र्याचं काय झालं

बाई, गुहेतला तो कुत्रा जगला की मेला, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं. सालवडच्या रिक्षा स्टँडवर, तुमच्या फळ्यापुढे उभं राहून विचारलं असतं, तर खडूचे हात पदराला पुसत तुम्ही म्हणाला असतात, "उद्या ये, उद्या लिहिते." तुमचा तो उद्या आलाच नाही. गोष्ट अर्धी राहिली आणि तुम्ही गेलात. आता मी लांब तामिळनाडूत, कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. उद्या सकाळी इथला घाण पाण्याचा खड्डा साफ करायचाय. कोण उतरणार आणि कसा उतरणार, हे मी इथल्या लोकांना सांगितलेल्या त्या कुत्र्यावर येऊन अडलंय. म्हणून सुट्टीच्या दुपारी लिहायला बसलोय. पाठवायचं कुठे, ते मला तरी कुठे ठाऊक आहे.

तुम्ही मला शाळेत शिकवलं नाही. माझी शाळा आठवीतच सुटली, आणि नोकऱ्याही तशाच सुटत गेल्या, एका जागी माझं बूड टिकत नाही. पण तुमचा फळा मी चुकवला नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही तो भावाच्या सायकल दुकानाबाहेर टांगलात. तारापूरच्या कंपन्यांत जाणारे आम्ही रिक्षा भरायची वाट बघत तिथेच उभे असायचो. रोज एक गोष्ट, जगात कुणी काय शोधलं त्याची. पण 'शास्त्रज्ञ' हा शब्द तुम्ही कधी लिहिला नाहीत. लिहायचात, 'एक कापडवाला होता. सूत तपासायला भिंगं वापरायचा. एकदा त्याने स्वतःच्या दातांवरची घाण खरवडली आणि भिंगाखाली धरली.' बस्स. खाली, 'उरलेलं उद्या.' मग रिक्षात बेटेगावपर्यंत नुसता कालवा. "काय दिसलं असेल रे?" "तुज्या दातात बघ, तंबाखूची शेती दिसंल!" दुसऱ्या दिवशी कळायचं, की त्याला वळवळणारे जीव दिसले, आणि सगळी रिक्षा जिभेने दात चाचपत बसायची. तुम्ही म्हणायचात, "वाचणारा उभा हाय. रिक्षा भरली का तो जाणार. पयल्या ओळीत त्याला धरायचा आणि अर्धी गोष्ट त्याच्या डोक्यात सोडून द्यायची."

एकदा मला तुमचा ओरडा बसला, तो अजून कानात आहे. जर्मनीतल्या एका माणसाने सोनं मिळेल म्हणून बादल्या भरभरून मूत आटवलं आणि हाती अंधारात चमकणारा पदार्थ आला, ही तुमची गोष्ट. मी ती रिक्षात सांगताना ठोकून दिलं की राजाचं मूत होतं, पहाऱ्यात आणलेलं. लोक पोट धरून हसले. तुमच्या कानावर गेलं. तुम्ही मला सगळ्यांदेखत थांबवलंत. "राजा कुठून आणलास?" मी म्हटलं, "बाई, मजा येते." तुमचा चेहरा हलला नाही. "मूत आटवणारा माणूस कमी मजेचा हाय? रंग चढव, चढव की. पण राजा आणू नको." आणि हे तुम्ही स्वतः पाळायचात. त्या कापडवाल्याला एकदा चुकून डॉक्टर लिहिलंत, तर दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'काल मी चुकले.' रिक्षावाला हसला, "बाई, आमाला काय फरक पडतो?" तुम्ही म्हणालात, "तुला नाय पडत. त्या कापडवाल्याला पडतो."

तुमची शेवटची गोष्ट अशी होती: 'इटलीत एक गुहा आहे. वाटाड्या पाहुण्यांना आत न्यायचा, सोबत एक कुत्रा घ्यायचा. माणसं उभी असायची, त्यांना काही व्हायचं नाही. कुत्रा मात्र बघता बघता कोसळायचा. का? उरलेलं उद्या.' त्याच दिवशी तुम्हाला पालघरला दवाखान्यात नेलं. तुमच्या भावाने तो फळा पुसला नाही. अक्षरं आपोआप धुळीत गेली.

इथे मला वाणगावच्या एका दादाने आणलं. आम्ही एकाच खोलीत राहतो. खोलीबाहेर नळ आहे, पाण्याला रांग लागते, आणि रांगेतला माणूसही उभाच असतो. मी नळाशेजारच्या पत्र्यावर खडूने लिहायला लागलो, हिंदीत, मोडकंतोडकं. दातांचे जीव लिहिले, मूत लिहिलं. मग एके दिवशी गुहा लिहिली. अर्धीच येत होती, म्हणून अर्धीच लिहिली, आणि खाली तुमच्यासारखंच 'उरलेलं उद्या'. दादाला चैन पडेना. "अरं, कुत्र्याला झालं काय?" मी म्हटलं, उद्या. मला तरी कुठे ठाऊक होतं?

त्याच दुपारी खड्ड्याचा पंप तुंबतो. सुपरवायझर दादाला आत उतरायला सांगतो. मी बातमी ऐकून पोचतो, तेव्हा दादाचे दोन्ही पाय शिडीवर आहेत, कमरेपर्यंत तो आत आहे. मघाशी कुजक्या अंड्यांचा वास येत होता, आता येत नाही. दादा म्हणतो, "बरं झालं, वास गेला." आणखी एक पायरी. त्याची छाती आत जाते. मला फक्त त्याचं डोकं दिसतंय, जमिनीच्या उंचीवर. कुत्र्याच्या उंचीवर. आणि बाई, तेव्हा मला तुमची गोष्ट कळली. गुहेत माणसाचं तोंड वर होतं, कुत्र्याचं तळाशी. जे काही वाईट होतं ते तळाशी साचलं होतं.

"दादा, वर ये! कुत्रा!"

दादा थांबला. "कुत्र्याचं काय?"

"मेला! तळाला जड हवा होती. तू तळाला चाललायस!"

सुपरवायझर ओरडला, "क्या कुत्ता कुत्ता लगा रखा है? दो मिनट का काम है!"

दादाने माझ्याकडे बघितलं. सकाळपासून तो त्या कुत्र्याच्या काळजीत होता, दुसऱ्या कशासाठी तो थांबला असता असं मला वाटत नाही. तो एकेक पायरी वर आला, काठावर बसला, आणि म्हणाला, "नहीं साब. कुत्ता मर गया." त्यानंतर रात्रीपर्यंत शिव्या खाल्ल्या आम्ही. पण उतरलं कुणी नाही. वरून दुसरा पंप लावला.

नंतर मी फोनमध्ये बोलून शोधलं. वास गेला तो हवा सुधारली म्हणून नव्हे, विषारी वायूने नाक बधिर होतं म्हणून. बाई, कुत्रा मेला नव्हता. निदान दरवेळी नाही. वाटाड्या त्याला वेळेत ओढून बाहेर काढायचा, शेजारच्या तळ्याच्या पाण्यात बुडवायचा, कुत्रा शुद्धीवर यायचा, आणि पुढचे पाहुणे आले की पुन्हा तोच कुत्रा आत. काही मेलेही. पण मी 'मेला' म्हणालो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी राजा आणला होता.

तो राजा त्याच संध्याकाळी मी पत्र्यावरही लिहिला होता, 'कुत्रा मेला', आणि आज सकाळपर्यंत तो तसाच होता. उद्या मात्र पंप उपयोगाचा नाही, गाळ घट्ट बसलाय, माणूस उतरवायचं ठरलंय. दादा म्हणतो, मी नाय जात, कुत्रा मेला. नवी पोरं त्याला हसतात, म्हणतात आम्ही जातो. मी जर लिहिलं की कुत्रा जगायचा, तर ती म्हणतील, बघा, काही होत नाही. नाही लिहिलं, तर तुम्ही माझ्या मागे उभ्या आहात असं वाटत राहतं, खडू हातात घेऊन. सकाळपासून मी पत्र्यासमोर जात होतो आणि परत येत होतो.

शेवटी मघाशी लिहिलं. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. 'मी चुकलो. कुत्रा बहुतेक वेळा जगायचा. कारण त्याला ओढून काढणारा माणूस उभा होता, चांगल्या हवेत.' खाली लिहिलं की आधी पंख्याने आतली हवा काढा, हवा तपासा, दोर बांधा, वर माणूस ठेवा. तोवर कुणी उतरू नका.

दादा बादली घेऊन आला. बोट ठेवून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"मंजे तू माज्याशी खोटं बोल्लास?"

"हां."

त्याने बादली खाली ठेवली. मग नवीन पोरांना हाक मारून त्याने पत्रा वाचून दाखवला, आणि सगळे मिळून सुपरवायझरकडे जायला निघाले, पंखा मागायला. जाता जाता दादा वळला. "वर कोण उभा ऱ्हाणार? तू? तू तर कुठं टिकत नायस."

खरं सांगू का बाई, माझी पिशवी भरलेली होती. उद्या सकाळची गाडी होती. पत्र्यावर खरं लिहून मी निघून जाणार होतो. 'राहीन' म्हणालो त्याला. पिशवी अजून रिकामी केलेली नाही.