पाहुणीचं परमिट

३ मार्च.
हॉटेलच्या नोटीस बोर्डावर कागद लागलाय. आमच्या दोघांच्या बँडमधल्या परदेशी गायिकेचं वर्क परमिट महिनाअखेर संपतंय. ते वाढवायला कोणाची हरकत असल्यास कामगार कार्यालयात कळवावी. मी तिला मनातल्या मनात पाहुणी म्हणतो. पाहुण्याने किती राहावं याला काही धरबंध? कीबोर्ड मी बडवायचा, टाळ्या हिला. मलाही गाता येतं. चान्स मिळालेला नाही, एवढंच.
संकल्प : उद्या पहाटेपासून रियाज.

४ मार्च.
रियाज नाही. घसा बसल्यासारखा वाटला. घशाशी खेळू नये.

७ मार्च.
बायकोशी हरकतीचं बोललो. ही म्हणाली, नसत्या भानगडीत पडू नका. माझं दुकानातलं काम सुटल्यापासून घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चाललंय. म्हटलं, अगं, म्हणूनच तर! पाहुणी गेली की मेन सिंगर मी. पगारवाढ आपोआप. हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. हिचं ते पाहणं मला अजिबात आवडत नाही.

१० मार्च.
काल दुसरं गाणं मी भलत्याच पट्टीत सुरू केलं. पाहुणी निमूट त्याच पट्टीत गायली! इतकी वर्षं गाणाऱ्या बाईला एवढी ढळढळीत चूक कळू नये? आपल्या माणसाने जागच्या जागी थांबवलं असतं. वर मला मोडक्यातोडक्या भाषेत म्हणते, तुमच्यासोबत गायला बरं वाटतं. मस्का.

१२ मार्च.
कामगार कार्यालयात हरकत दिली. ‘परक्यांनी आमच्या तोंडचा घास पळवू नये’ हे वाक्य फार जमलंय. क्लार्कने विचारलं, सध्या बेकार आहात का? म्हटलं, छे, त्याच बाईच्या बँडमध्ये वाजवतो. तो पेन हातात धरून बघतच राहिला. धाडसाचं कौतुक वाटलं असावं.

१९ मार्च.
रियाज अखेर सुरू. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. रियाज बंद. देशी कलेचे शत्रू देशीच.

२८ मार्च.
जिंकलो! परमिट नामंजूर. मॅनेजर डोक्याला हात लावून बसलाय. पाहुणीची म्हातारी आई तिच्याच पैशांवर जगते, असं वेटर सांगत होता. मला कशाला सांगतो? पाहुणी निरोप घ्यायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, आता तुमचं कसं होणार? घ्या! नोकरी हिची गेली आणि काळजी माझी. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

२ एप्रिल.
मॅनेजरने बोलावलं. केस नीट विंचरून गेलो. त्याने बसायलाही सांगितलं नाही. म्हणाला, एक परदेशी कलाकार ठेवला तर सोबत एक देशी ठेवावा लागतो, अशी परमिटची अट असते. ती होती म्हणून तुम्ही होतात. आता संध्याकाळी स्पीकरवर गाणी लावू.
म्हटलं, मी गातो की.
म्हणाला, ऐकलंय.

६ एप्रिल.
सकाळीच कामगार कार्यालय गाठलं. म्हटलं, हरकत मागे घेतो, त्या बाईंना परत बोलवा. हात जोडले. क्लार्क म्हणाला, फाइल बंद झाली, बाई कालच्या विमानाने गेल्या. मग खुर्चीतून उठून त्याने माझं अभिनंदन केलं. माझी केस म्हणे वार्षिक अहवालात जाणार. एका देशी कलावंताची नोकरी वाचवली, म्हणून. मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
दुपारी घरी हिने विचारलं, पगारवाढीचं काही ठरलं का? म्हटलं, बोलणी चालू आहेत. रोजच्या वेळेला कोट घालून घरातून निघालो. आता बस स्टॉपवर बसून हे लिहितोय. परत किती वाजता जावं, तेवढं ठरत नाही.