आमच्या गावचा नोड मीच उभारणार

३ नोव्हेंबर, सोमवार
वाळवलेल्या पर्सिमन फळांच्या प्रत्येक खोक्याची नोंद यंदा ब्लॉकचेनवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या न खोडता येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर. पाच गावांच्या पाच साखळ्या, एकमेकींशी बोलणाऱ्या. आमची साखळी सांभाळणारा कॉम्प्युटर, त्याला नोड म्हणतात, तो मी उभारणार. सभेत सांगून आले. शुक्रवारपर्यंत झाला नाही तर आमची खोकी शेजारच्या गावाच्या नावावर जाणार. तिथला नोड मिर्यांगहून सून होऊन आलेल्या मिर्यांगवालीकडे. मेले तरी होऊ देणार नाही. ती दुसरी शिकलीय, मी तिसरी.

४ नोव्हेंबर
सूनबाई बोराम म्हणे, आई, हे प्रोग्राम एकमेकांच्या जिवावर चालतात, सोबत आलेल्या यादीत लिहिलीय तीच आवृत्ती घाला. मला शिकवते! यादीतला पहिलाच प्रोग्राम तीन वर्षांपूर्वीचा. पाहुण्याला कुणी शिळं वाढतं? मी सगळ्यात नवा घातला.

५ नोव्हेंबर
पडद्यावर लाल अक्षरं. दुसऱ्याला म्हणे पहिला जुनाच हवा. नखरे. दुसराही नवा घातला. तिसरा रुसला. तोही नवा.

६ नोव्हेंबर, सकाळी
नोड सुरू! पण बाकीची गावं ओळखच देईनात. फोन करून सांगितलं, तुम्हीही सगळं नवं घ्या. मिर्यांगवाली म्हणते कशी, ताई, आम्ही चौघी एक बोलतो, तुम्ही एकट्या भलतंच, आणि बहिऱ्या आम्ही? फोन आपटला.

दुपारी
बोरामनं ताज्या किमचीचा, म्हणजे तिखटमिठात घातलेल्या कोबीचा, रस्सा केला. चांगली झापली. या रश्श्याला वर्षभर मुरलेलीच किमची लागते, नवी घालून कसं चालेल? ती माझ्याकडे बघत राहिली. मग कॉम्प्युटरकडे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
यादीतले जुने प्रोग्राम अडगळ म्हणून पडले होते, काढून टाकले. त्यांच्याबरोबर अजून काही जुनंपानं दिसलं, तेही. आता कॉम्प्युटरच उघडेना. वीज कमी येत असणार.

दुपारी तीन
बोरामनं सगळं पुसलं आणि यादीबरहुकूम परत घातलं. चाळीस मिनिटं. पाचही गावं बोलायला लागली. आमची खोकी आमच्याच नावावर. गावप्रमुख बेक यांनी नोड बोरामकडे सोपवला. माझ्याकडे त्याच्यावरची धूळ झटकायचं काम. कोरड्या फडक्यानं, फक्त वरून, तेही बोराम घरात असताना.

एवढं जोखमीचं काम ते दुसऱ्या कुणाला देणार?