भिंतीपलीकडचा खोका

पिनाल, त्रिनिदाद
गुरुवार, २९ जानेवारी

चि. विंद्रा,

नंदनचाचाचे आणि चाचीचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे क्षेम. आंब्याला मोहोर आला आहे. चाचीच्या गुडघ्याला आराम आहे, जिभेला नाही. तुझी आई रोज सकाळी कुंपणावरून आम्हाला रोटी देते आणि आपण ती दिलेली नाही असा चेहरा करून परत जाते. म्हणजे घर यथापूर्व चालले आहे.

तू म्हणशील, चाचाला फोन करायला काय झाले? फोनवर मी विनोद करतो, तू हसतेस, आणि सांगायचे ते राहून जाते. दोन वर्षे हेच चालले आहे. म्हणून हे पत्र. फिट्झरॉय मिस्त्री उद्या शहरात चाललाच आहे, तो तुमच्या पॅनयार्डात, स्टीलपॅनच्या सरावाच्या अंगणात, येऊन तुझ्या हातात देईल. सराव सुरू होण्याआधी वाच. मधेच वाचलेस तर ताल चुकेल आणि दोष माझ्यावर येईल. या वेळी तो योग्य जागी येईल, हे मात्र खरे.

तर मोठी बातमी. आपल्या घरी पासष्ट इंची टीव्ही आला! भिंतीवर बसवला! रविवारी दुपारी कार्निव्हलच्या पॅन-स्पर्धेची उपांत्य फेरी, तू पहिल्या रांगेत, आणि आमच्या जुन्या डब्यावर शंभर वादक म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या. त्यातली आपली मुंगी कोणती हे चाचीला कसे कळावे? तिने फर्मान काढले, "पोरीच्या कपाळावरचा घाम दिसला पाहिजे." दुकानदार म्हणाला, घाम दिसेल, घामाचे थेंब मोजता येतील. घेतला.

दिवाळीत तू मला एकच प्रश्न विचारला होतास. "पापा बघतील का?" मी म्हणालो, "बघू." हे पत्र त्या प्रश्नाचे उत्तर आहे. पण मला क्रमाने सांगू दे. मास्तरकीची सवय आहे, आणि धीर गोळा करायलाही जरा वेळ लागतो.

या नव्या टीव्हीचे शास्त्र वेगळे आहे. भिंतीवर नुसता पडदा, बोटभर जाडीचा. सगळ्या वायरी, केबल, वीज जोडायची ती एका वेगळ्या काळ्या खोक्यात, आणि खोक्यातून पडद्याकडे जाते एकच तार, वरणातल्या शेवग्याच्या शिरेइतकी बारीक. ती कापायची नाही, जोडायची नाही, काटकोनात वाकवायची नाही. एखाद्या नव्या जावयासारखे तिचे सारे. आणि खोका लपवायचा. कॅटलॉगात भिंत आणि चित्र, बाकी काही नाही. चाचीला तसेच हवे होते.

शनिवारी सकाळी गायाप ठेवला. तुला ठाऊकच आहे, गायाप म्हटला की अंगमेहनत गावाची आणि जेवण घरधन्याचे. पडदा उचलायला चौघे पुरले असते. जेवायला अकरा आले. मुहूर्त मी स्वतः पंचांगातून काढला. भिंतीपलीकडे जिल्ह्यातला सर्वांत मोठा पंडित राहतो, म्हणजे माझा भैया, तुझे पापा, पण दोन वर्षे आमचे मुहूर्त घरगुतीच.

फिट्झरॉयने पाणसळ लावली, पेन्सिलने चार खुणा केल्या, ड्रिल चालवले आणि भोकात स्क्रूसाठी गिट्टी ठोकली. गिट्टी आत गायब. आत पडल्याचा आवाजही आला, टुक. दुसरी ठोकली. टुक.

"मास्तर, ही भिंत कुणी बांधली?"

"मी आणि भैयाने. पंचवीस वर्षं झाली."

"दिसतंयच. विटांच्या पोकळीत काँक्रीट भरलंय की तुमचं संस्कृत?"

आपल्याकडच्या लाल विटा आतून पोकळ, हे लहान मुलालाही ठाऊक. तुझ्या आजाने बजावले होते, विटांचे चार-चार थर झाले की पोकळी भरत जा. पण त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. आम्ही भरली नाही.

"आता एकच इलाज," फिट्झरॉय म्हणाला. "भोकं आरपार पाडायची. लांब बोल्ट टाकायचे, पलीकडून लाकडी फळी आणि नट. तिकडे एक माणूस पाना घेऊन उभा पाहिजे."

अकराही जणांनी एकमेकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिकडे कोण राहते हे पिनालमध्ये कुणाला माहीत नाही?

"तिकडे विचारायला हवं," मी म्हणालो.

"विचारा की," चाची म्हणाली. "तोंड दिलंय ना देवानं? का तेही पोकळ?"

मी अजून चपला शोधत होतो. फिट्झरॉयने तेवढ्यात, 'नुसती जाडी बघतो' म्हणून, मशीन पुन्हा लावले. गिलावा उडाला आणि मशीन एकदम मुठीपर्यंत आत गेले. पलीकडे पूजेची घंटा वाजत होती, ती थांबली.

"नंदन!"

दोन वर्षांत भैयाच्या तोंडून माझे नाव ऐकले नव्हते. मी भोकाशी तोंड नेले.

"भैया?"

"हनुमानजींच्या गदेतून लोखंड बाहेर आलंय. हा काय प्रकार?"

"टीव्ही बसवतोय."

"माझ्या देवघरात?"

"माझ्या बैठकीत. भिंत एकच आहे ना."

फिट्झरॉयला त्याच क्षणी आठवले की लांब बोल्ट गाडीत आहेत. बाकीच्यांना आठवले की गाडीपर्यंत त्याला सोबत लागेल. चाची त्यांना पोहोचवायला गेली. मी आणि ते भोक, दोघेच उरलो.

विंद्रा, आता ते.

तुझी समजूत अशी की पापांना पॅनचा राग आहे. तेलाच्या पिंपातून काढलेले सूर पंडिताच्या मुलीने वाजवू नयेत, कार्निव्हलच्या लोकांत फिरू नये, वगैरे. ती समजूत मी कधी मोडली नाही, कारण ती माझ्या सोयीची होती. दर शनिवारी मी तुला सान फर्नांडोच्या पॅनयार्डात नेत असे आणि भैयाला सांगत असे, संस्कृत पाठांतराचा वर्ग आहे. तू मला तीनदा म्हणालीस, "चाचा, पापांना सांगून टाकू या." मी म्हणालो, थांब, योग्य वेळ येऊ दे. योग्य वेळ आली ती यज्ञाच्या मंडपात. शे-दोनशे माणसांसमोर एका जजमानाने त्यांचे अभिनंदन केले, "पंडितजी, मुलगी पॅन काय वाजवते!"

त्या संध्याकाळी भैयाने मला विचारले, "खोटं बोलायचं कुणी ठरवलं?" आणि मी, बावन्न वर्षांचा, मुलांकडून नीतिवचने पाठ करून घेणारा, म्हणालो, "विंद्रानंच मला शपथ घातली होती."

एकच वाक्य. त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. तुझ्या पॅनशी त्यांचे भांडण नव्हते. मुलीला आपल्यापासून लपण्यासाठी शपथा घालाव्या लागतात, हे त्यांना लागले. माझ्याशी ते बोलेनासे झाले ते त्या शनिवारांसाठी. शपथेचे मात्र त्यांना खरेच वाटले.

हे मी त्या भोकातून सांगितले. समोरासमोर सांगितले असते तर मधेच एखादा श्लोक म्हणून विषय बदलला असता. भोकाला तोंड लावून श्लोक म्हणता येत नाही, गिलाव्याची धूळ घशात जाते.

मग पलीकडून आवाज आला.

"ही भिंत आतून पोकळ आहे?"

"हो."

"बाबूजींना आपण काय सांगितलं होतं?"

"भरली म्हणून."

"कुणी सांगितलं होतं?"

"...तू, भैया."

"हं. मी. आणि बोलणी कुणी खाल्ली असती, जर कळलं असतं?"

"मी. काँक्रीट कालवणारा मी होतो."

"तुझ्या वहिनीला पाना शोधायला सांगतो," भैया म्हणाले. "आणि नंदन, तुला माफ केलेलं नाही. टीव्ही पडून कुणाचं डोकं फुटू नये एवढ्यासाठी पाना धरतोय."

सारे लांब बोल्ट घेऊन परतले आणि विंद्रा, चार बोल्ट गेले! माझ्या बाजूने मी दाबून धरले, त्यांच्या बाजूने त्यांनी फळी लावून नट आवळले. धोतर खोचून, टिळा लावून, हातात पाना घेतलेला पंडित तुझ्या आईने डोळे भरून पाहिला. दर बोल्टाला ते एक-एक विचारत होते. "पोरगी तिकडे जेवते कुठं?" दुसऱ्याला, "शिक्षण चालू आहे ना?" तिसऱ्याला म्हणाले, "सरळ धर, गाढवा." चौथ्याला नुसता पाना फिरत राहिला. तो बोल्ट गरजेपेक्षा फारच घट्ट बसला आहे.

चौघांनी पडदा उचलला, "एक, दोन, जय हनुमान!" आणि तो ब्रॅकेटवर असा बसला की अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. आता राहिला खोका. फिट्झरॉय म्हणाला, काचेच्या कपाटात ठेवू. चाची आडवी आली. "त्यात माझ्या लग्नाच्या बशा आहेत. तीस वर्षं त्यात कुणी जेवलं नाही, आता हा काळा ठोकळा राहणार?" सोफ्यामागे तार पोहोचेना. झाकून टाकावा तर तापतो, त्याला वारा लागतो.

"इकडे द्या," भिंत म्हणाली.

तारेचे टोक भोकातून जाईना म्हणून फिट्झरॉयने एक भोक पेरूएवढे केले, हनुमानजींची क्षमा मागून. भैयाने पोथ्यांच्या कपाटाचा मधला खण रिकामा केला, दोन पुराणे वरच्या मजल्यावर गेली आणि खोका तिथे बसला. वीज त्यांच्या बाजूची, केबल त्यांच्या बाजूची, बटणही त्यांच्या हाताशी. आमच्याकडे नुसते चित्र. चाची खूश, एक वायर दिसत नाही. मी म्हणालो, "अगं, त्यांनी बटण बंद केलं तर?" ती म्हणाली, "तर तुम्ही जाऊन माफी मागायची. सराव झालाय की आता."

मला वाटले, झाले. रविवारी ते त्यांच्या बाजूला खोक्याचा हिरवा दिवा बघतील, भिंतीतून आवाज ऐकतील, आणि मी तुला लिहीन की पापांनी ऐकले. एवढ्यावरच मी हे पत्र मंगळवारी संपवले होते. ते फाडले. कारण काल, बुधवारी दुपारी, भैया आमच्या ओसरीवर आले. फाटकातून, सरळ. चाचीच्या हातातून पेला सुटता सुटता राहिला.

"येत्या रविवारची पूजेची कथा शनिवारवर घेतली," ते म्हणाले.

विंद्रा, तुझ्या बापाने तीस वर्षांत कुणाची कथा हलवली नाही. वादळ आले तेव्हाही नाही.

"जजमान काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणाला, पंडितजी, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, उत्तम. मुलगी शहरात पॅन वाजवणार आहे, ऐकायला जायचंय."

"पण भैया, टीव्ही बसवला की आपण! इतका खटाटोप करून!"

"तो गावाला बघू दे. मी त्या खोक्याकडे बघत बसू? गाडीत पेट्रोल भरून ठेव." उठले, पायऱ्या उतरले आणि वळले. चेहरा माझ्याकडे नव्हता, मोहोराकडे होता. "नंदन, दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. बोललो नाही तो मी. तू खोटं बोललास, पण तिला एकदा तरी मी कुठं विचारलं? तिला हे लिही. मला लिहिता येणार नाही."

लिहिले.

आता काम. भैयाने मला दोनदा विचारले, ती कुठे उभी राहते, आणि मला सांगता आले नाही. शंभर माणसे असतात, रंगमंच लांब असतो, आणि त्यांना हल्ली नीट दिसत नाही. बसायचे कुठे, हे तू कुठे उभी राहशील त्यावर ठरेल. डावीकडे की उजवीकडे? फिट्झरॉय उत्तरासाठी थांबेल. कागद नसला तर याच्याच मागे लिही. माझ्यावर रागावली असशील तर तेही लिही, जागा आहे. पण आधी बाजू लिही, मोठ्या अक्षरांत, कारण पापा ते स्वतः वाचायला मागणार आहेत.

तुझ्या नावावर घातलेली शपथ परत घेऊन, तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,

चाचा