खिडकीवरचा कोंबडा

शीआन, ४ जानेवारी २०१७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करू नकोस म्हटलं म्हणून रागावू नकोस. आपलं बोलणं तिसरं कुणी ऐकत असेल, तर तुझ्या गुडघेदुखीने तो बिचारा बेजार होईल!

मागितलेलं चित्र सोबत आहे. अंड्यांच्या टोपलीवर बसून कोंबडा सांगतोय की ही सगळी मीच घातली, आणि कोंबड्या माना झुकवून त्याचं अभिनंदन करतायत. इंटरनेटवर टाकलं, चाळीस मिनिटांत गायब. माझं खातंही बंद. आता 'कोंबडा' हा शब्दच तिथे चालत नाही. पंचांगाप्रमाणे या महिनाअखेरीस लागणारं वर्ष नेमकं कोंबड्याचं, त्यामुळे लोकांच्या नववर्षाच्या शुभेच्छाही गडप होतायत!

पण आई, हसून झालं. यापुढे असली चित्रं काढणार नाही, असं वीस तारखेला सरकारी कचेरीत लिहून द्यायचंय. नाहीतर बालमासिकातली नोकरी गेली. देणार आहे मी. थकले गं.

बाबांना नमस्कार. माया असू दे.

तुझी,
शूयिन


आपलं गाव, १३ जानेवारी

चि. शूयिनला अनेक आशीर्वाद.

थकलीस? तिशीत? मग मी काय म्हणावं?

कोंबडा फक्कड जमलाय. शब्द गाळले, लाल कागदातून कापला आणि नववर्षासाठी खिडकीवर लावला. दुसऱ्याच दिवशी यांगकाकू नमुना मागायला हजर. आपली रीत तुला ठाऊक आहेच. नमुना पांढऱ्या कागदावर ओला चिकटवायचा, दिव्याच्या धुरावर धरायचा. उचलला की काळ्यात पांढरा कोंबडा तयार, त्यावरून हवे तेवढे कापा. आता तीन गावांच्या खिडक्यांवर तोच बसलाय. पुसायचा तर दारोदार हिंडा म्हणावं! कुणी नाव घेत नाही, पण प्रत्येकीला तो ओळखीचा वाटतो.

तालुक्याचे साहेबही आले. भरभराटीचं चित्र म्हणून पहिलं बक्षीस दिलं, वर शहरातल्या कचेऱ्यांसाठी दोनशे नग घेऊन गेले. तुझे बाबा अजून पोट धरून हसतायत.

लिहून द्यायचं की नाही, तुझं तू ठरव. पण चित्र माझ्या लेकीचं आहे हे कुणाला सांगता आलं नाही, याचं फार वाईट वाटलं बघ.

जेवत जा वेळेवर.

तुझी आई


शीआन, २१ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न.

काल कचेरीत गेले. साहेबांच्या पाठीमागे खिडकी, आणि खिडकीवर आपला कोंबडा! ते तासभर झापत होते आणि मी ओठ चावून बसले होते. त्यांना वाटलं मी रडतेय. पाणी दिलं बिचाऱ्यांनी. मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले की कला असावी तर अशी, खेड्यातल्या कुणा बाईने कापलंय, जरा तिच्याकडून शिका.

मी म्हटलं, साहेब, हेच लिहून देते. यापुढे खेड्यातल्या बायकांकडून शिकेन आणि त्यांच्यासारखंच काम करेन, असं लिहिलं, सही केली. त्यांनी खूश होऊन शिक्का मारला. नोकरी शाबूत!

आई, थकवा पळाला गं. सव्वीसला घरी येतेय. डोक्यात नवं चित्र आहे. लाल कागद आणून ठेव, आणि यांगकाकूला सांग, दिव्यात तेल भरून तयार राहा.

तुझी शिष्या,
शूयिन