पेटीत टाकलेलं माझं पाप

ताई,

दूध तापवून ठेवलंय. मी गाण्याच्या सरावाला एकटीच चाललेय, माझ्यासाठी थांबू नकोस.

रागाच्या भरात मी पवित्र आत्म्याला वाईट बोलले, त्या पापाला क्षमाच नाही, आता देव मला कधीच तारणार नाही, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. आणि तू ते चर्चच्या प्रार्थना-विनंतीच्या पेटीत टाकलंस! 'माझ्या धाकट्या बहिणीला अक्षम्य पापाची भीती वाटते.' नाव लिहिलं नाहीस, केवढी शहाणी! तुला बहिणी आहेत तरी किती? पाळकांनी ते रविवारच्या उपासनेत मोठ्यानं वाचलं आणि अख्खी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली.

मग मीच पाळकांना गाठलं. ते म्हणाले, "अगं, ज्याला एवढी धास्ती वाटते, त्याचं मन देवापासून तुटलेलं नसतं." दोन महिन्यांनी काल शांत झोपले. तुझ्या चिठ्ठीमुळेच, म्हणून तर जास्त राग येतोय.

एक पाप सोडून बाकी सगळ्यांना क्षमा आहे. तुझं त्या एकात बसत नाही, मी बायबल वाचून खात्री केली. देवानं तुला केव्हाच माफ केलं असेल. मला वेळ लागेल. तोवर माझ्यासाठी प्रार्थना करायचीच असेल, तर मनातल्या मनात कर.

तुझी एकुलती एक धाकटी बहीण